आक्काची वीत, माझी वीत

प्रिय आक्का,

परवा रविवारी तुझी वर्षा शिरडहून आली. जीपमधून उतरली तीच काखेत गाठोडं घेऊन. "घराला रंग द्यायचा म्हणून पेट्या बाहेर काढल्या मावशी. आईच्या पेटीत तळाशी हे होतं," म्हणाली. ओट्यावर गाठोडं सोडलं. आपल्या वाकळेचे तुकडे! पाच वर्षांनी. म्हणून आज लिहायला घेतलं. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगू?

तुकड्यातुकड्यानं वाकळ शिवायची ही कल्पना तुझीच. तुझ्या सासरी एक खोली, माणसं सहा. अख्खी वाकळ पसरणार कुठं? म्हणून तू मांडीवर मावेल एवढा चौकोन घ्यायचीस. वर एका साडीचं कापड, खाली दुसरीचं, मधे जुनेर. दोन्हीकडून सारखे टाके, कडा मुडपल्या की तुकडा पुरा. असे वीस झाले की मधे पट्ट्या घालून जोडायचे. "उलटी बाजू ठेवायचीच न्हाई," तू म्हणायचीस. "कोणत्याबी अंगानं पांघरा, चांगलीच दिसली पाहिजे." बांधावर बसलीस काय, एसटीची वाट बघत उभी राहिलीस काय, हातात सुई असायचीच.

ही वाकळ आईसाठी होती. तू दहा तुकडे, मी दहा. माप दीड वीत. पण कुणाची वीत? हे दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही!

नागपंचमीच्या आदल्या दिवशी हट्ट्याला, माहेरी, झाले तेवढे तुकडे शेजारी मांडले; तुझे सात, माझे सहा. तुझे दोन-दोन बोटं मोठे. तू पोट धरून हसलीस. "सुमे, एवढ्याशा हातानं भाकरी थापतीस का बिस्किटं?"

मला हसू आलं नाही. "तुझे कापून घे," मी म्हणाले.

"काहून कापू? मधी रुंद पट्टी घालू. पट्टीत समदं मावतंय."

"वाकडं दिसंल. कायम तुझंच मोठं, तुझंच खरं!"

तू तुकडे उचलून खाटेवर ठेवलेस.

दुसऱ्या दिवशी आईनं बजावलं, "आज पंचमी. कात्री न्हाई, सुई न्हाई. अन् तोंडंबी चालवू नका." तुकडे दिवसभर खाटेवर तसेच पडून. एरवी शिवता शिवता आपण बोललो असतो ना गं? तिसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं मी माझे सहा तुकडे घेऊन सेनगावला निघाले. तू दारात उभी होतीस. मी वळून बघितलं नाही.

तूही कळवलं नाहीस. शिरडला एसटीडी बूथ होता की! मी तरी कुठं फोन केला म्हणा. पुढच्या उन्हाळ्यात तुला कावीळ झाली. मी पोचले तेव्हा तू डोळे उघडत नव्हतीस. तेव्हापासून एकच प्रश्न घेऊन बसलेय. रागावूनच गेलीस का माझ्यावर?

परवा तुकडे मोजले. सात मोठे. त्यांच्या खाली तीन लहान. कपाटातून माझा एक आणून वर ठेवला, तर कडेला कड! माझा हात इथं सेनगावात, आणि तू शिरडला बसून माझी वीत कुठून आणलीस?

वर्षा म्हणाली, "आईनं माझ्या हातानं मापलं होतं. तवा मी सातवीत होते. म्हणली, तुजी वीत मावशीएवढीच हाये, ठेव हात. आता तिच्याच मापानं शिवायचं."

मला कळवायचं तरी होतंस, आक्का! पाच वर्षं गं!

तुझे सात मात्र तू कापले नाहीस. बरं केलंस. मी वर्षाला म्हटलं, "ठेव बघू आता हात." लहान तुकडा तिला पुरेना. मोठ्यावर ठेवला, दीड वीत बराबर भरली. पोरीचा हात तुझ्याएवढा झालाय.

माझे चार तुकडे अजून राहिलेत. ते वर्षा तिच्या वितीनं मापेल, मी शिवीन. तुझ्या एकाही तुकड्याला कात्री लागणार नाही. मधे रुंद पट्टी घालीन, तू म्हणाली होतीस तशी. आणि येत्या पंचमीला वाकळ आईच्या अंगावर असेल; कोणत्याही अंगानं पांघरू दे तिला.

तुझी,
बिस्किटं थापणारी सुमी