इसौराची नवी-जुनी खोली

१८ ऑगस्ट १९८२, बुधवार

आज इसौराने बैलाची कवटी भिंतीवर टांगली!

माळावर पडलेली कवटी. आमच्याकडे असली हाडं कुत्र्यांनी आणली तर आम्ही काठी घेऊन बाहेर काढतो. हिने ती घासूनपुसून बैठकीत लावली, वर दिवा सोडला, आणि सांता फे शहरातून दोन बायका खास बघायला आल्या. एकीच्या गळ्यात कॅमेरा. "अहाहा, किती साधं! किती खरं!" पांढऱ्या गाडीतून उतरून साधेपणा बघायला आल्या होत्या!

इसौरा माझी धाकटी जाऊ. त्रांकिलिनो भावजी डोंगरावरच्या लॅबमध्ये झाडलोट करतात, पगार बरा आहे. म्हणून ही हौस. जुनं दार आडवं टाकून टेबल. गाडीचं चाक छताला. मेंढीच्या कातड्या, नवाहो आदिवासींनी विणलेला गालिचा, गंजलेला दुधाचा कॅन, त्यात वाळकं गवत. आणि कोपऱ्यात सासूबाईंची पिठाची पेटी! ती पेटी मी नको म्हटली होती. उंदीर लागायचे. तिने मेण लावून चकचकीत केली. आता ती पेटी मला हवीय.

माझ्या सोफ्यावर अजून दुकानातलं प्लास्टिक आहे. टिकावा म्हणून. त्या बायकांना माझं घर कुणी दाखवलं नाही.

२० ऑगस्ट

घेवडा निवडला. देवा, मन स्वच्छ कर. (झालं नाही.)

२५ ऑगस्ट, बुधवार

सिप्रियाना मावशीकडे गेले होते. यंदा चॅपलचा कारभार त्यांच्याकडे आहे. दोलोरेस मातेच्या नोव्हेनाची, सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेची, नववी संध्याकाळ माझ्या घरी द्या, असं मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं. आठ संध्याकाळी कुणाकडेही होतात, पण नववीला अख्खं गाव येतं.

मावशी म्हणाल्या, "एदुविजेन, पोरी, तुझी बैठक लहान पडते गं. इसौराकडे ठरवलं. तिची खोली कशी छान झालीय! जुन्या काळासारखी."

"जुन्या काळासारखी? मावशी, जुन्या काळी आपण गरीब होतो!"

त्या हसल्या. त्यांना गंमत वाटली. मी गंमत केली नव्हती.

"तुला तिसरी देते की. बुधवारी पडते."

तिसरी! अठरा वर्षं चॅपलमधल्या मातेच्या लाकडी मूर्तीला कपडे चढवले मी. दर सप्टेंबरात दार लावून, एकटीने. बाईच्या हातानेच व्हावं, कुणी बघू नये, अशी रीत. नवा झगा, नवी ओढणी, धुतलेली लेस. मग चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका सकाळी चॅपलचा कोनाडा रिकामा. सांता फेच्या दलालांची माणसं जुन्या मूर्ती विकायला उचलून नेतात, सगळ्या खोऱ्यात तेच चाललं होतं. आता तिथे डेन्व्हरहून मागवलेली प्लास्टरची माता उभी आहे. तिचा झगा रंगवलेलाच असतो. माझं काम संपलं.

आणि नववी इसौराला.

८ सप्टेंबर, बुधवार

तिसरी संध्याकाळ माझ्याकडे झाली. बडीशेपेचे बिस्कोचितो केले होते, चरबी चांगली घातली होती. बायकांनी खाल्ले आणि सगळा वेळ इसौराच्या दाराच्या टेबलाबद्दल बोलल्या. जाताना कुणीतरी विचारलं, "एदुविजेन, सोफ्याचं प्लास्टिक काढायचं राहिलं का गं?"

९ सप्टेंबर, गुरुवार

उशीर झालाय. तरी लिहिते.

इसौराकडे मिरच्यांच्या माळा ओवायला गेले होते. तिची झोपायची खोली कशी सजवलीय ते बघायचं होतं. कबूल करायला लाज कसली, इथे कोण वाचतंय. ती अंगणातल्या भट्टीतून पाव काढत होती, तेवढ्यात मी आत शिरले.

पलंगाच्या वर, मातीच्या भिंतीत कोरलेला कोनाडा. त्यात एक लाकडी बाई. उघडी! अंगावर काही नाही. कमरेखाली नुसत्या काड्या आणि चुन्यात बुडवलेलं फडकं, वर लाकडाची छाती, रंग उडालेला. सांता फेच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत असंच मांडतात म्हणे. कपडे काढतात, म्हणजे कोरीवकाम दिसतं. शहरातल्या लोकांना देवाला नागवं करून बघायला आवडतं!

डोळे झाकून घेणार होते. मग तिचा डावा हात दिसला.

करंगळी. मी एकदा लेस ओढताना ती मोडली होती, आणि पिन्यॉन झाडाचा डिंक तापवून मीच चिकटवली होती. तो पिवळा थेंब अजून तसाच.

ती आपली माता आहे. गावातल्या कुणीही तिला अशी पाहिलेली नाही. माझ्याशिवाय कुणी ओळखणार नाही.

"जाऊबाई!" मागे इसौरा. हातातला पाव खाली पडला. "इथे नका ना येऊ, पसारा आहे."

"ही कुठून आणलीस?"

"सांता फेहून. दुकानातून. जुनी दिसते ना?" आणि कोनाड्यापुढे उभी राहिली, पाठ लावून.

मी तडक घरी आले. चोरीची माता हिच्या पलंगावर शोभेला! कवटी बैठकीत, माता आत! मी रडलेसुद्धा. पण खरं सांगायचं तर रडता रडता कुठेतरी आत गोड लागत होतं.

११ सप्टेंबर

काळी मखमल मिळाली. दोन रात्रींत झगा होईल. माप घ्यायची गरज नाही, ते हातात आहे.

ह्यांनी विचारलं, "बाहुलीला शिवतेस?"

"मातेला."

"तिला रंगवलेला आहे की."

"ही दुसरी माता. नवव्या संध्याकाळी कळेल सगळ्यांना."

हे दारातूनच म्हणाले, "एदुविजेन, असल्या भानगडीत पडू नये बाईमाणसाने." जेवले नाहीत. पोट दुखतंय म्हणाले.

१४ सप्टेंबर, मंगळवार

झालं! पण मला हवं तसं नाही झालं.

इसौराची खोली भरली होती. बायका कातड्यांवर, पुरुष भिंतीला टेकून. रोझरीच्या माळेचे पाचवे, शेवटचे दहा मणी चालू असताना मी उठले, आत गेले, दार लावलं. तिला कोनाड्यातून उतरवलं. चार वर्षांनी! झगा चढवला, ओढणी घातली, हाताने तोंड पुसलं. कुठेही ढिला नाही, कुठेही घट्ट नाही. मग उचलून बाहेर आणलं.

इसौरा पुढे धावली. "जाऊबाई, नको! पाया पडते, नको!"

तिचा तो चेहरा बघायचा होता ना मला? बघितला.

पण सिप्रियाना मावशी ओरडल्या, "आई! आपली आई!" आणि गुडघ्यांवर पडल्या. कपड्यांत सगळ्यांनीच ओळखलं. कुणी रडतंय, कुणी तिचा पदर चुंबतंय. मी तोंड उघडणार, विचारणार की ही इथे काय करतेय, तेवढ्यात मावशींनी इसौराला मिठीत घेतलं.

"पोरी, तू आणलीस तिला परत! सजावटीच्या नावाखाली शोधत होतीस होय? आणि आम्ही म्हणत होतो, काय ही भंगार गोळा करते!"

सगळी गर्दी तिच्याकडे. त्रांकिलिनो भावजींच्या पाठीवर थापा. झगा कुणी शिवला हे एकानेही विचारलं नाही. इसौरा हसली मात्र नाही. पांढरीफटक. ह्यांना शोधलं, तर हे कधीच निघून गेले होते.

१५ सप्टेंबर, सण

माता मिरवणुकीत शेतांतून गेली. पुढे कोण? इसौरा. हातात झेंडूची परडी.

पोसोले, मक्याचं कालवण, वाढताना पुरुषांत बोलणं निघालं, की दुकान कुठलं, दुकानदाराला विचारू, त्याला कुणी विकली. इसौरा हात जोडून म्हणाली, "आली ना परत? आता मागचं उकरू नका."

का नको? मी सगळ्यांदेखत म्हटलं, "विचारलंच पाहिजे! चोर आपल्यातला असेल तर?"

"जाऊबाई, हळू..."

"हळू कशाला? तुला कुणाला झाकायचंय?"

ती पातेल्याकडे वळली. सगळे तिच्याकडे बघायला लागले, या वेळी निराळ्या नजरेने. मग सिप्रियाना मावशीपण म्हणाल्या, "एदुविजेनचं बरोबर आहे. उद्या जा."

चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, एदुविजेनचं बरोबर आहे. रात्री प्रार्थना करताना हसू आवरेना. देव क्षमा करो.

१६ सप्टेंबर, गुरुवार

चार जण पहाटेच पिकअप घेऊन सांता फेला गेले. हे कालपासून घरी नाहीत, कुरणावर मेंढ्यांकडे गेलो म्हणून निरोप.

आत्ता इसौरा येऊन गेली. बसली नाही.

"जाऊबाई, मी मूर्ती घेतली त्याच दिवशी दुकानदाराला विचारलं होतं, ही कुणी विकली. त्याने थोरल्या भावजींचं, तुमच्या ह्यांचं नाव सांगितलं, तेव्हा कळलं ही आपली माता. चॅपलमध्ये नेली असती तर लोकांनी विचारलं असतं, कुठून आणली. म्हणून कपड्यांशिवाय ठेवली, कुणी ओळखू नये म्हणून. तुमचं घर उघडं पडू नये म्हणून."

पिकअप एव्हाना पोचली असेल.