खिंडीच्या चढासाठी सुपरचार्जर

११ फेब्रुवारी १९७३, जत

धुळा गेला त्याला बारा दिवस झाले. टँकर वर्कशॉपच्या दारात उभा आहे. तो दिसू नये म्हणून मी मागच्या दाराने ये-जा करतो. स्वतःच्याच वर्कशॉपात, चोरासारखा!

काय झालं ते एकदा लिहून टाकतो. तोंडाने कुणाला सांगवत नाही. मेटकरवाडीला पाणी घेऊन टँकर खिंड चढत होता. चढावर अडला आणि मागे सरकायला लागला. क्लीनर धुळा उडी टाकून उतरला, मागच्या चाकाला दगड लावायला. दगड निसटला. धुळा चाकाखाली गेला. तिथून वाडी दिसते — त्याचीच वाडी.

ड्रायव्हर अर्जुना पंचनाम्याला एवढंच बोलला, "चढावर इंजान बसलं." अर्जुना आणि मी एकाच पलटणीतून सुटलो. तो उगीच बोलायचा नाही.

ते इंजिन दिवाळीत मी बांधलं. पिस्टन, रिंगा, पंप — सगळं माझ्या हाताने.

१३ फेब्रुवारी

इंजिन खोललं. काही सापडलं नाही. झडपा ठीक, पंप ठीक. अठरा वर्षं फौजेत इंजिनं खोलली, आणि ज्यानं माणूस मारला ती खोट मला दिसत नाही!

१६ फेब्रुवारी

आप्पासो सांगलीहून आले. टँकर त्यांचा. "आता टाकी निम्मीच भरायची, नाथाजी. परत जीव जायला नको." बरोबरच आहे. पण विहीर वीस मैलांवर, तिथंही रांग, दिवसात एकच खेप होते. निम्मी टाकी म्हणजे निम्मी वाडी.

१७ फेब्रुवारी

टँकरबरोबर मीही वाडीला गेलो. पाणी मध्येच संपलं. उरलेल्या बायांत रंगुबाई — धुळाची बायको. घागर कोरडी. बाकीच्या भांडल्या, ती नाही. मला म्हणाली, "आवं, तुमी कशापायी खाली बघतायसा? गाडीला झेपलं न्हाई. तुमी काय करनार?"

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी

एक सुचलंय. लडाखला हवा विरळ, गाड्या धापा टाकायच्या. तिथं एका परदेशी इंजिनावर ब्लोअर पाहिला होता — इंजिनानेच फिरणारा, आणि इंजिनातच हवा दाबून कोंबणारा. साहेब लोक सुपरचार्जर म्हणायचे. हवा जास्त गेली की डिझेल जास्त जाळता येतं, म्हणजे ताकद जास्त. मिरजेच्या भंगारात तसलाच एक पडलेला आहे. लष्कराच्या लिलावातला.

आपल्या ट्रकवर कुणी बसवल्याचं ऐकलं नाही. एक भोक जुळणार नाही, एक बोल्ट बसणार नाही. सगळं घडवावं लागेल.

अर्जुनाला सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग, "कशाला रं नाथा?" म्हटलं, भरल्या टाकीनं चढायला. "बरं," म्हणाला.

२७ फेब्रुवारी

आणला. दीड मणाचं धूड! आत दोन रोटर आहेत, एकमेकांना न शिवता फिरायला हवेत. हे घासतात. हाताने फिरवलं तर दळण दळल्यासारखा आवाज.

आप्पासो म्हणाले, "गाडी तुमच्या जीवावर सोडतो." जीवावर!

६ मार्च, सांगली

जोतीराम लेथवाल्याकडे तीन दिवस. रोटरला नवी बेअरिंगं बसवली, पट्ट्यासाठी पुली कातली. माप माझं, हात त्याचा. हात काय, सोनं आहे.

ब्लोअरमधली हवा इंजिनात नेणारी पेटी अॅल्युमिनियमची ओतायची. सुताराकडून लाकडी नमुना करून घेतला. ओतली. गार झाल्यावर बघतो तर भोकंच भोकं. जोतीराम म्हणाला, "चाळन झाली की ओ! पीठ चाळा आता." मला हसू आलं नाही.

९ मार्च

दुसरी ओतली. तडकली.

१३ मार्च, जत

तिसरी. राहिली! तोंडाने फुंकून, साबणाचा फेस लावून बघितली. एक बुडबुडा नाही. एस.टी.त मांडीवर घेऊन आणली. मनुबाईला दाखवली. बायकोला काय दाखवायचं त्यात — पण दाखवली. "झाक हाय," म्हणाली बिचारी.

१९ मार्च

ब्लोअर बसवून इंजिन सहा मिनिटं चाललं. सहा! मग ब्लोअर धरणारं ब्रॅकेट तुटलं, पट्टा उडाला, पंख्यात अडकला, पंख्याने रेडिएटर फाडला. पाणी सगळं जमिनीवर. शेजारची शेळी आली आणि ते गंजकं पाणी चाटून गेली.

अर्जुनाने तुटलेलं ब्रॅकेट उचललं आणि बाकावर ठेवलं.

२० मार्च

काही केलं नाही.

२१ मार्च

काही केलं नाही. मनुबाई म्हणते, जेवा तरी.

२५ मार्च

नवं ब्रॅकेट पाऊण इंची प्लेटचं. अर्जुनाने दोन दिवस बसून कानस मारली, बोटं सोलली. घरी जात नाही, दाढी करत नाही. तो नसता तर मी हे कधीच सोडलं असतं.

पट्टा टिकला. ब्लोअर टिकला. तर हेडचं गॅस्केट — दाब कोंडून धरणारा पत्रा — फुटलं! दाब वाढला, फुटणारच. आधीच माझ्या लक्षात का आलं नाही? धुळाच्या वेळीही असंच काहीतरी माझ्या लक्षात आलं नसेल.

बाजारातलं गॅस्केट टिकायचं नाही. तांब्याचं हवं. एवढा जाड पत्रा इथं कुठला!

मनुबाई ऐकत होती. आत गेली आणि तांब्याचं घंगाळ आणून माझ्यापुढे आदळलं. तिच्या आईने दिलेलं, लग्नातलं. "घ्या. तसंबी अंगुळीला पानी कुटं हाय?"

२७ मार्च

तांबटाने घंगाळ ठोकून सपाट केलं. मी तापवून मऊ केलं, छिन्नीने कापतोय. मध्येच रडू आलं. अर्जुना समोर होता. उठून बाहेर गेला.

१ एप्रिल

संपलं. गॅस्केट धरलं, पण मी पंपातून डिझेल जास्त सोडलं. लोभ! काळा धूर, मग खडखड. तीन नंबरचा पिस्टन वितळला. वरचा भाग मेणासारखा खाली आलेला.

टँकर तेरा दिवस माझ्यापायी बंद. वाडीला आता निम्मंही पाणी नाही. बाया खालच्या ओढ्यात खड्डे उकरतात म्हणे.

दुपारी एकटाच खिंडीत जाऊन बसलो. ती जागा शोधली. काही नाही तिथं. माती, खडे. एखाद्याच्या जाण्याची एवढीच खूण राहते? खाली बघितलं, कडा चांगलाच खोल आहे. बराच वेळ बघत होतो. मग मनुबाई जेवायची थांबली असेल म्हणून उठलो. तेवढ्यासाठीच उठलो.

३ एप्रिल

म्हटलं ब्लोअर काढून भंगारात देऊ. अर्जुना भांडायला उठला! "न्हाई काढायचा. एकडाव बसव अजून. भरल्या टाकीनं ती गाडी चढवल्याबिगार मला झोप न्हाई यायची."

त्याला झोप नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी माझ्याच दुःखात.

८ एप्रिल

नवा पिस्टन बसवला. पंपाचा डिझेलचा स्क्रू पाव फेरा, फक्त पाव फेरा सोडला. ब्लोअर शिट्टीसारखा वाजतो. धूर नाही. आशा धरत नाही.

११ एप्रिल

चढली!

टाकी काठोकाठ. मी अर्जुनाशेजारी. चढ लागला तशी ब्लोअरची शिट्टी चढत गेली. ती जागा आली. अर्जुनाच्या कपाळावरून घाम निथळत होता, ओठ हलत होते. मी दाराला धरून डोळे मिटले. उघडले तेव्हा वाडी समोर होती.

सगळ्यांना पाणी मिळालं. शेवटच्या म्हातारीलाही. रंगुबाई माझ्याजवळ आली. "लय केलंसा." मी म्हटलं, उशीर केला, बाई. हेच दिवाळीत केलं असतं तर धुळा असता. ती म्हणाली, "आसं नगा म्हनू." पण खरं तेच आहे. गाडी चढली म्हणून आनंद व्हावा, तर उलटं झालं. मी नीट काम केलं असतं तर काय झालं असतं, ते आज डोळ्यांनी बघितलं.

१२ एप्रिल

भरली खेप. बरी गेली.

१४ एप्रिल

रिकामी गाडी घेऊन उतरताना अर्जुनाने खिंडीच्या पायथ्याशी थांबवली. स्टिअरिंग धरूनच बोलला. "नाथा, त्या दिशी इंजान बसलं न्हवतं. गिअर बदलताना माझा हात चुकला. गाडी मोकळी झाली. ब्रेकवर पाय पडंस्तवर..." त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

माझ्या इंजिनात खोट नव्हतीच. हे रंगुबाईला सांगायला हवं.

उद्या सातला खेप आहे. भरली टाकी त्या चढाने नेईल असा दुसरा ड्रायव्हर इथं नाही. आज वाडीत रंगुबाईची घागर अर्जुनानेच उचलून तिच्या डोक्यावर दिली होती. "दादा," म्हणाली त्याला, "तुमी हायसा म्हून पानी हाय."