सतरा नंबरचा हुरडा

११ जानेवारी १९७६, रविवार
सुट्टी, म्हणून बार्शीला घरी. पीएच.डी.ला अजून किती वर्षं, आई विचारते. म्हटलं, सोलापूरच्या केंद्रावर ज्वारी मोजतेय, यंदाचे आकडे हाती आले की नोंदणीच्या फॉर्मवर सर सही करतील. तिने फक्त 'ज्वारी मोजतेय' एवढंच ऐकलं. एम.एस्सी. करून ज्वारी!

१२ जाने.
किळस. दुसरा शब्द सुचत नाही.
काल सरांनी मुंबईहून आलेल्या साहेबांना शेतावर हुरडा घातला. शेंगाचटणी, दही, गूळ, सगळा थाट. आणि कणसं कुठली? माझ्या १७ नंबरच्या वाणाची. काढणीला तोलायची म्हणून चिठ्ठ्या बांधलेली, साठच्या साठ. शिपायाला वाटलं, चिठ्ठी आहे म्हणजे पाहुण्यांसाठी राखून ठेवलीत. आगटीच्या राखेत माझ्याच अक्षरातल्या अर्धवट जळक्या चिठ्ठ्या.
चिठ्ठ्या बांधल्या होत्या मल्लव्वाने. अक्कलकोटकडची, शेतावर रोजाने येते. तिने अडवून बघितलं म्हणे. साहेब म्हणाले, फार गोड आहे, अजून आणा.

१५ जाने.
सरांनी हातावर तिळगूळ ठेवला आणि वर उपदेश. एका वाणापायी अख्खा प्रयोग बाद करायचा का? गेल्या वर्षीची सरासरी घ्या, थोडं वर-खाली करा, भरून टाका. मग हळूच, "तुमची नोंदणीही अडायला नको ना."
मी तिळगूळ खाल्ला. माझीच लाज वाटते.

२ मार्च
काढणी झाली. बाकी वाणांची कणसं खरोखर तोलली. १७ ची साठ वजनं टेबलाशी बसून लिहिली. पहिली दहा लिहिताना हात अडखळत होता. पुढे सराईतपणे चालला. शिसारी आली ती त्या सराईतपणाची.
तक्ते पुण्याला गेले. तिथे कार्डांना भोकं पाडून कॉम्प्युटरला देणार.

१९ एप्रिल
निकाल आला. लांबलचक कागद, सर तो सगळ्यांना उलगडून दाखवत फिरतायत. १७ नंबर पहिला! सगळ्यात भरवशाचं वाण, कारण वजनांत चढउतारच नाहीत. असतील कसे? चढउतार शेतात होतात. मी डोक्यातून लिहिलेले आकडे सगळे एका वळणाचे.
ऑफिसात पेढे. मी पोट बिघडल्याचं सांगितलं.

२१ एप्रिल
गोदामात १७ चं गेल्या सालचं बी आहे. सर ते यंदा रब्बीला गावांत वाटणार. माझ्या फॉर्मवर त्यांची सही झाली. खाली छापलंय, 'वरील मोजमापे मी स्वतः केली आहेत.' त्याखाली माझी जागा रिकामी.

२२ एप्रिल
सही करायला बसले तेवढ्यात मल्लव्वा दारात. नवऱ्याची तीन एकर कोरडवाहू आहे, त्यात सगळं १७ पेरायचं म्हणते. तिला सांगितलं, मल्लव्वा, ती कणसं तर खाल्ली गेली, तू बघितलंस. म्हणाली, "व्हय की. पर तुमी मागनं दुसरी मोजली असणार. तुमी कदी न मोजता लिव्हत न्हाय, मला ठावं हाय."
बी कधी मिळंल, एवढं विचारून गेली.
फॉर्म समोर आहे. पेनात शाई भरली. सकाळी सातला ती कामावर येणार, बी कधी मिळंल ते परत विचारणार आणि मी