साखरपुड्यापर्यंत मशीन डब्यात

मंगळ., ३ फेब्रु.
स्पीच थेरपी सेंटरला आज सहा मुलं. शेवटी करंजाड्याहून येणारी ओवी, वय चार. मागून हाक मारली, वळली नाही. दिवाळीनंतर वळायला लागली होती. ऐकायचं मशीन कानात, चालूही. म्हणजे घरी घालत नाहीत.
तिच्या आईला, सायलीला, विचारलं, बॅटऱ्या आणल्या का. "जुन्याच चालू आहेत मॅडम. जपून वापरतो." कौतुकाने. दिवसभर घातलं तर आठवड्यात संपतात, हे मीच सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं.

शुक्र., ६ फेब्रु.
कारण कळलं. ओवीच्या आत्याचं, प्रणालीचं, लग्न जमतंय. मुलगा तळोज्याला कंपनीत. पाहुणे आले की मशीन डब्यात. पाहुणे रोजच.
आजी स्वतः आल्या होत्या. "बाय, पोरीच्या कानात बघलं तर बोलतील, घरान्यातच हाय. लेकीचं लगीन मोरंल."
म्हटलं, बोलायला शिकायचं वय हेच.
"लगीन होऊ दे, मंग घालू. तिचा बाप पन उशिरानीच बोल्ला."
"बापाला ऐकू येत होतं, आजी."
पदर सारखा करून उठल्या.

सोम., ९ फेब्रु.
ओवीच्या घरी सेशन. मध्येच मुलाकडचे आले. आजींनी ओवीच्या कानातून मशीन काढून कमरेला खोचलं. माझी ओळख: ट्यूशनच्या मॅडम. मुलाची आई म्हणाली, "एवढ्याशा पोरीला ट्यूशन?"
"आता लवकरच लावतात." हे मी म्हणाले. मी.
चहा घेतला. ओवी सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. मी निघाले तेव्हाही.
डोकं दुखतंय. रिपोर्ट राहिले.

मंगळ., १७ फेब्रु.
ओवीला घेऊन प्रणाली आली, एकटीच. "वैनी नको म्हणाली, तरी आणलं. कसं बसवायचं ते दाखवा."
दाखवलं. दोनदा चुकली, मशीनने शिट्टी मारली, ओवी दचकली. म्हणजे ऐकलं. तिसऱ्यांदा बसलं.
"साखरपुड्याला माझ्या मांडीवर बसवणार. मशीन घालून."
"आईला सांगितलंस?"
"येडी आहे का मी?"
"त्याला?"
"दिसेलच की. पळायचं तर तेव्हाच पळू दे, हळदीचा डीजे वाचेल." हसली. बॅटरीचं झाकण मात्र तिला लागेना. मी लावलं.
सल्ला दिला नाही. तिने मागितलाही नाही. कर म्हणाले असते तर माझ्यावर आलं असतं. नको म्हणणं जमलं नसतं.

रवि., २२ फेब्रु.
साखरपुडा. बोलावणं होतं, गेले नाही. रिपोर्ट लिहिणार होते. एकही नाही.
संध्याकाळी सायलीने फोटो पाठवला. प्रणाली, शेजारी तो, मांडीवर ओवी. ओवीचे केस मोकळे सोडलेत, दोन्ही कान झाकलेले. फोटो मोठा करून पाहिला. मशीन आहे की नाही, कळत नाही. आजी फोटोत नाहीत.
"मशीन?" एवढंच विचारलं.
सायली टाइप करतेय. थांबली. परत करतेय.