मापात बसलेली पँट

९ ऑगस्ट, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनच केला असता, पण तुला आमच्या घरची रीत ठाऊक आहे. फोन कायम स्पीकरवर, प्रश्न मला आणि उत्तरं देणार ही, तुझी भावजय.

दुकान बरं चाललंय. शाळेचे गणवेश संपले, आता कोटांची कामं आलीत. मशीनवर फार वेळ बसवत नाही म्हणून काज-बटणं उभ्याने करतो. पाठ दुखते. म्हणजे पोटात सुरू होतं आणि पाठीत जातं, तेच ते जुनं. जेवलं की येतं. घाबरण्यासारखं काही नाही, असं मी मलाच सांगत असतो.

हॉस्पिटलमधले दिवस आठवले की अजून घाम फुटतो. स्वादुपिंडाला सूज म्हटल्यावर जो तो मला दारुड्यातच काढायचा. आयुष्यात थेंबाला शिवलो नाही, तरी शेजारचा न्हावी येऊन कानात सांगून गेला, "मास्तर, आता तरी सोडा." डॉक्टरांनी मात्र विचारलं, "सिगारेट किती?" तिथे मी पकडला गेलो. धुराने छाती जाते एवढं माहीत होतं, तो पोटातही काड्या करतो हे कुणाच्या ध्यानीमनी? तुझ्या हातावर हात ठेवून सिगारेट सोडली, ती आजवर पुन्हा तोंडाला लावलेली नाही.

दर फोनला तू हिला विचारतेस, "त्याचे कपडे सैल होतायत का गं?" तुझा जन्म वॉर्डात नर्स म्हणून गेला, तुझा प्रश्न बरोबरच असणार. आणि ही खुशीत सांगते, "नाही हो ताई, पँट अगदी मापात बसते." ती खोटं बोलत नाही. पँट मापात बसते, कारण मी ती आत घेतो. ही बाजारात गेली की मागची शिवण उसवायची, कंबर आवळायची, वर इस्त्री फिरवायची. ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आता मागचे दोन्ही खिसे एकमेकांना टेकायला आलेत, म्हणून शर्ट बाहेर सोडतो.

गोळ्या घेतो, बिनतेलाचं गिळतो, तरी अंगी काही लागत नाही. तपासणी मात्र टाळत आलोय. हिला सांगितलं, डॉक्टर रजेवर आहेत. तिथे वजनकाटा आहे, आणि तो काही मला आत घेता येत नाही. शिवाय डॉक्टर पुन्हा तोच प्रश्न विचारतील.

ताई, सिगारेट सोडली, पण ती बॅटरीवरची वाफेची नळी धरली, व्हेप म्हणतात ती. धूर नाही, राख नाही, वास आंब्याचा. हिला वाटतं मी आंब्याच्या गोळ्या चघळतो, स्वतः आणून देते बिचारी. शपथ सिगारेटची होती, नळीची नव्हती, ही पळवाट माझीच. ओढली की हात स्थिर होतो, काज सरळ येतं. मग दुखतं, मग भीती वाटते, आणि भीती वाटली की पुन्हा नळीच लागते. पुन्हा तसं दुखणं उठलं तर मी त्यातून उठेन की नाही, हे विचारायचीसुद्धा हिंमत होत नाही.

काल पँट वाळत घालताना ही म्हणाली, "देव पावला, वजन तरी टिकलंय." आणि पदराने डोळे टिपले. मला तिथे उभं राहवेना.

आज दुकान बंद. सकाळपासून बसून सगळ्या पँटच्या कंबरा उसवल्या. नळी जेवणाच्या टेबलावर तिच्या चष्म्याशेजारी ठेवली आहे. आता ही जेवायला हाक मारतेय, दुसऱ्यांदा. पट्टा लावणार नाही. एका हाताने पँट धरून नुसतं उठायचं आहे, पण मी अजून लिहितोच आहे.

पत्र पोचेल तेव्हा ती तुझ्याशी बोललेली असेल. तिच्यावर रागावू नकोस. तपासणीला तू सोबत ये, आणि कपड्यांचं यापुढे तिला नको, मला विचार.

तिसरी हाक आली. उठतो.

तुझा,
नावाप्रमाणेच झालेला,
बारक्या