आमच्या जुन्या नंबरवर रविवारी आलेल्या फोनाबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी
(आपले नाव आपल्या एकाही पत्रावर नाही, म्हणून लिहिता आले नाही),
दूरध्वनी व इंटरनेट ग्राहक तक्रार कार्यालय,
सेंट जॉन्स.

अर्जदार: अँब्रोज कीपिंग, धंदा मच्छीमारी (आता बंद), मु. कॅप्लिन आर्म, न्यूफाउंडलंड.

विषय: लिअँडर कीपिंग याने आमच्या जुन्या नंबरवर केलेला फोन कुठून आला होता ते कळवण्याबाबत (मागणी लहान केली आहे, ती कलम १० मध्ये).

संदर्भ: 'प्रकरण बंद करण्यात येत आहे' असे आपले पत्र. प्रकरण बंद झालेले नाही.

महोदय,

१. आईबाप जिवंत असताना ते मेले असावेत, असे आपल्या कार्यालयाने एका मुलाला वाटू दिले आहे. हा अर्जदाराचा आपल्यावर आरोप आहे आणि तो रागाच्या भरात केलेला नाही. राग येऊन गेला. जे उरले ते खाली लिहिले आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावे. मागच्या खेपेस आपण पहिल्या पानावरच थांबलात, हे आपल्या उत्तरावरून दिसते.

२. लिअँडर हा अर्जदाराचा एकुलता मुलगा. इथला मासा संपल्यावर बाकीची पोरे गेली तसा तोही अल्बर्टात तेलाच्या कामावर गेला. तिथे अंगावर पाइप येऊन त्याची पाठ गेली. पाठीमागून नोकरी गेली, नोकरीमागून राहायची खोली. जे काही उरले होते ते दुखण्याच्या गोळ्यांनी नेले. आज त्याला पत्ता नाही, स्वतःचा फोन नाही. कधी बेघरांच्या निवाऱ्यातून, कधी चर्चच्या अन्नछत्रातून, कधी कुणाच्या हातापाया पडून तो फोन करी, आणि तो एकच नंबर फिरवी. हा नंबर त्याला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होता. बोट उलटली आणि परक्या किनाऱ्याला लागलास, तर पहिल्या घरात शिरायचे आणि हा नंबर सांगायचा, असे आईने त्याच्याकडून घोकवून घेतले होते. दुसरा कुठलाही नंबर त्याच्या डोक्यात टिकला नाही.

३. फोन दर रविवारी येत नसे. कधी महिनेच्या महिने कोरडे जात. पण येई तेव्हा रविवारी दुपारीच येई, कारण त्या वेळी कॅप्लिन आर्ममधल्या प्रत्येक घरी चुलीवर एकच जेवण शिजत असते: खारवलेले गोमांस, कोबी, सलगम, बटाटे, आणि कापडात बांधून सोडलेली वाटाण्याची डाळ. तो नाव सांगत नसे. एकदम विचारी, "आई, पातेल्यात काय आहे?" अर्जदाराची पत्नी फिलोमिना झाकण उचलून रिसीव्हर पातेल्यापाशी धरी. तो रटरट ऐके आणि म्हणे, "आज सलगम जास्त पडलंय." अर्जदार मागून ओरडे, की फोनातून वास येतो का रे गाढवा. मग तो हसे. हसला की आज बरा आहे असे आम्ही समजायचे. न हसता ठेवला, तर फिलोमिना त्या दिवशी जेवत नसे. कुठे राहतोस असे विचारले की तो फोन ठेवून देई, म्हणून आम्ही विचारणे सोडले होते. आमच्याकडे मुलाचे म्हणून एवढेच होते.

४. आमच्या घरांच्या समोरच्या दाराला पायऱ्या नसतात. ते दार शवपेटी बाहेर काढायच्या वेळी उघडते. माणसे मागच्या दाराने, न वाजवता, सरळ स्वयंपाकघरात येतात. दार वाजवणारा तो परका, म्हणजे पोलीस, नाहीतर वसुलीवाला. गेल्या शरद ऋतूत एक तरुण मागच्या दाराने आत आला, स्वतः होऊन बूट काढले आणि चुलीजवळच्या दिवाणावर बसला. फिलोमिनाने इथल्या रीतीप्रमाणे विचारले, की तू कुणाचा रे? तो म्हणाला, "स्किफ कोव्हच्या हाइन्सांचा नातू, मावशी. डॅरेल." यावर तिने चहा ठेवला, पाव कापला, काकवी पुढे केली. इथे चौकशी म्हणतात ती एवढीच, आणि ती पुरी झाली होती.

चहा पिता पिता फिलोमिनाने त्याला लिअँडरची सगळी हकीकत सांगितली. त्याने मान हलवत ऐकली. मग म्हणाला, की निवाऱ्यांत हल्ली संगणक असतात. तो तिथे बसेल, तुम्ही इथे बसा, इंटरनेट घ्या आणि समोरासमोर बोला. फिलोमिनाने मुलाचा चेहरा पाहून कित्येक हिवाळे झाले होते. तिने फक्त नंबराचे विचारले. तो म्हणाला, "नंबर तुमचा तुमच्यापाशीच राहणार, मावशी." अर्जदाराने त्याने आणलेल्या नव्या फोन-इंटरनेट कंपनीच्या कागदावर सही केली. स्किफ कोव्हच्या हाइन्सांना डॅरेल नावाचा नातू नाही, हे अर्जदाराला फार नंतर कळले.

५. आपण लिहिले आहे की ग्राहकाने सेवा घेण्यापूर्वी माहिती काढणे अपेक्षित होते. खरे आहे. पलीकडच्या घरात एफी पार्डी राहते, तिची सून शाळेत शिकवते. कुंपणावरून हाक मारली असती तर तिने सांगितले असते, की त्या कंपनीचा टॉवर डोंगराच्या पलीकडे आहे आणि आमच्या खाडीत एकाही घरी तो लागत नाही. फोनची जुनी तार तोडल्यावर पुन्हा जोडत नाहीत, हेही तिला ठाऊक होते. सेवा सोडली तर नंबर कुणाकडे राहतो, हे तिने त्या पोराला आमच्यासमोर विचारले असते. अर्जदाराने हाक मारली नाही. घरातल्या माणसाची चौकशी शेजारी जाऊन करत नाहीत, आणि बूट काढून बसलेला माणूस घरातला असतो. आमची चूक ती हीच. ती नाकारण्यासाठी हा अर्ज नाही.

६. पुढच्याच आठवड्यात जुन्या कंपनीने तार तोडली. नव्या कंपनीची, तारेशिवाय फोन आणि इंटरनेट देणारी पेटी टपालाने आली. नंबर आता या पेटीत आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. पेटी खिडकीत ठेवली, माळ्यावर ठेवली, जाळ्यांच्या खोपटात ठेवली, धुराड्याला बांधली. दिवा लालच. शेवटी अर्जदाराने ती ब्लँकेटात गुंडाळून बोटीत घातली, बॅटरी जोडली आणि डोंगराचा कडा ओलांडून खुल्या पाण्यात नेली. तिथे दिवा हिरवा झाला. धक्क्यावरची माणसे अजून विचारतात, काय अँब्रोज, आज किती लागले जाळ्यात?

अर्जदाराने हे कंपनीला खरे खरे कळवले. कंपनीचे उत्तर आले, की ज्याअर्थी पेटीचा टॉवरशी संपर्क झाला, त्याअर्थी सेवा सुरू झाली आहे. अर्जदाराने विचारले, की रविवारी दुपारी फिलोमिनाने पातेले घेऊन बोटीत बसायचे काय? महोदय, त्या रविवारांत लिअँडरने फोन केला असेल तर तो घरात वाजला नाही. वाजला असेल तर पाण्यावर वाजला असेल.

७. तेव्हा अर्जदार संतापला आणि म्हणाला, घेऊन जा तुमची पेटी. कंपनी तत्काळ बरे म्हणाली. इतकी चटकन तिने आमची दुसरी कुठलीच गोष्ट ऐकली नव्हती. पेटी परत गेली. पेटीबरोबर नंबरही गेला, हे कंपनीच्या फोनवरच्या गोड आवाजाच्या बाईने सांगितले नाही, आणि अर्जदाराने विचारले नाही. जुन्या कंपनीकडे गेलो तर ती म्हणाली, की तुम्हीच आम्हाला सोडून गेलात, तार आता मिळणार नाही, हा घ्या नवा बिनतारी फोन आणि नवा नंबर. नवा नंबर लिअँडरला कळवायचा तर त्याने फोन करायला हवा, आणि तो जुन्या नंबरवर करणार. जुना नंबर आपल्या नियमाप्रमाणे काही काळ रिकामा ठेवून दुसऱ्या ग्राहकाला देण्यात आला. भिंतीवरचा जुना काळा फोन फिलोमिना काढू देत नाही. त्यावरची धूळ मात्र ती पुसते.

८. ख्रिसमस झाल्यावर फिलोमिना एफीकडे गेली आणि एफीच्या फोनवरून तिने स्वतःच्याच घरचा जुना नंबर फिरवला. डोंगराच्या पलीकडे, बर्न्ट हार्बरच्या मिसेस ओडेल स्नूक या विधवा बाईंनी तो उचलला. फिलोमिनाने विचारले, की या नंबरवर कधी एका माणसाचा फोन आला होता का? मिसेस स्नूक जे म्हणाल्या ते अर्जदार जसेच्या तसे लिहीत आहे, कारण फिलोमिनाने ते त्याला इतक्या वेळा सांगितले आहे की त्यात आता शब्द इकडचा तिकडे होत नाही:

"आला होता बाई. रविवारी. म्हणाला, आई, पातेल्यात काय आहे? मी म्हटलं, चुकीचा नंबर लागला बाळा. सॉरी म्हणून ठेवला. लगेच पुन्हा आला. एकेक आकडा मला म्हणून दाखवला. मी म्हटलं, नंबर हाच आहे रे, पण तुझी आई इथे नाही. मला वाटलं ठेवला. तर म्हणाला, मेली का ती? मी म्हटलं, मला काय ठाऊक बाळा, मला तर हा नंबर आत्ताच मिळालाय. त्यावर 'बरं' म्हणाला."

त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. मिसेस स्नूक यांच्या फोनला पलीकडचा नंबर दिसायची काच नाही. फिलोमिनाने त्यांना आणखी एकच प्रश्न विचारला, की आवाज कसा होता, सर्दी झाल्यासारखा होता का? त्या म्हणाल्या, वाऱ्यात उभा असल्यासारखा होता. मग दोघी बाया फोनवर रडल्या. मिसेस स्नूक यांचा यात काडीचाही दोष नाही. त्यांनी आमचा नवा नंबर आपल्या फोनाशेजारी चिकटवला आहे, आणि रविवारी प्रार्थनेला न जाता त्या फोनापाशी बसून असतात. आपल्या कार्यालयात इतके लोक आहेत. त्यांतले कोणी असे बसले आहे काय?

९. आता आपल्या पत्रव्यवहाराबाबत. तो फोन कुठल्या ठिकाणाहून आला एवढेच अर्जदाराने पहिल्यांदा विचारले होते. आपण कळवले, की ही माहिती फक्त नंबरधारकास मिळते आणि अर्जदार नंबरधारक नाही. अर्जदाराने मिसेस स्नूक यांची लेखी संमती पाठवली. आपण कळवले, की फोन करणाऱ्याचीही संमती लागते. फोन करणारा अर्जदाराचा मुलगा आहे. म्हणजे मुलगा कुठे आहे हे कळण्यासाठी आधी मुलगा शोधावा, त्याची सही आणावी, मग आपण तो कुठे आहे ते सांगाल. हे वाक्य लिहिताना आपल्यापैकी कुणाचाही हात थबकला नाही काय? अल्बर्टातल्या निवाऱ्यांना आम्ही एफीच्या सुनेकडून फोन करवले. तिथली माणसे बोलायला बरी आहेत, पण कोण उतरला आहे ते तीही सांगत नाहीत. नियम सगळ्यांना आहेत. त्या डॅरेलला तेवढा कुठला नियम नव्हता. तो आमच्या स्वयंपाकघरात बसून आमचे सगळे ऐकून गेला आणि कुणी त्याच्याकडे संमती मागितली नाही.

१०. सबब अर्जदाराने मागच्या पत्रापासूनच मागणी लहान केली आहे. मुलगा कुठे आहे ते आम्हाला सांगू नका. त्याला लपायचे असेल तर लपू दे. तो फोन जिथून आला तिथे आपल्याच माणसाने फोन करावा आणि जो उचलेल त्याच्याकडे लिअँडर कीपिंगसाठी निरोप ठेवावा: आई आहे, बाबा आहे, घर तेच आहे, फक्त नंबर बदलला. सोबत नवा नंबर सांगावा. यात कुणाचे गुपित फुटत नाही. हेच अर्जदाराने मागच्या पत्रात दुसऱ्या पानावर लिहिले होते, आणि त्यावर आपण एक अक्षरही लिहिलेले नाही.

११. नर्सबाई म्हणतात की फिलोमिनाचे हृदय थकले आहे, तिने जिना चढू नये, जड उचलू नये. तरी रविवारी ती ते मोठे पातेले उचलतेच, आणि जेवण तिघांचे शिजवते. बारा वाजून गेले की झाकण उचलून थोडा वेळ हातात धरून उभी राहते, मग ठेवून देते.

लिअँडरने विचारले होते, मेली का ती? हा प्रश्न त्याने एका परक्या बाईला विचारला, तिला उत्तर माहीत नव्हते. ते आपल्याला माहीत आहे, हा अर्ज वाचल्यावर तर नक्कीच. उत्तर 'नाही' असे आहे. ते खरे आहे तोवर आपण त्याच्यापर्यंत पोचवणार की नाही, हे लेखी कळवावे, आणि खाली सही करणाऱ्याने या वेळी आपले नाव लिहावे.

नम्र म्हणवत नाही, तरी आपला,
अँब्रोज कीपिंग
(पत्नी फिलोमिना कीपिंग हिची सही शेजारी)

कॅप्लिन आर्म, दि. ११ फेब्रुवारी

सोबत:
१) मिसेस ओडेल स्नूक यांचे संमतिपत्र, पुन्हा एकदा.
२) लिअँडरचा फोटो, बोटीवरचा. हातातला कॉड मासा त्याने स्वतः पकडलेला आहे. फोटो परत पाठवावा, आमच्याकडे दुसरा नाही.
३) आमचा पत्ता लिहून तिकीट लावलेले रिकामे पाकीट. यात उत्तर घालावे.