हत्यारांना लावलेलं कुंकू

३ ऑगस्ट
विलास गेला, आणि आज त्याची उद्यमनगरची शेडही रिकामी झाली. लेथ मशीन आधीच गेलं होतं. आज विलासची हत्यारपेटी घरी आली. दोघांनी धरूनही जिन्यात टेकवावी लागली. जेवणाच्या टेबलाखाली ठेवली आहे. पाय लांबवले की लागते.

भाऊजींनी पुण्याचे एक दामले शोधलेत. निवृत्त इंजिनिअर, जुनी मोजमापाची हत्यारं जमवतात. काय काय आहे, कुठलं, किती जुनं, ते फोटोंसकट कळवा म्हणतात. वि. दवाखान्यातून परतल्यावर एकदाच बोलला होता : पेटी फोडू नका, अख्खी ओळखणाऱ्याला द्या. ओळखणारे म्हणजे असेच कुणी असावेत. मला कुठे काय ओळखू येतं? इतकी वर्षं डबा भरून दिला, पेटीत डोकावले नाही. एकदा सोडून.

१० ऑगस्ट
मारुतीदा आले. शेडमध्ये पहिल्यापासून वि.बरोबर. किल्ली त्यांनाच दिली, मला उघडवेना.

"बगा वहिनी, ह्यो इंच्याचा मायक्रोमीटर. इंग्लंडचा शिक्का हाय, भिंगातनं बगा की. वर मुलामा न्हाय, म्हंजे लई जुना."

ते वाचत गेले, मी लिहीत गेले : आधी शिक्का, मग देश, मग पेटंटचा नंबर, मग मालकाचं नाव. बहुतेक हत्यारांवर पोलादी ठशानं नावाची अक्षरं ठोकलेली. एका कॅलिपरवर तर तिघांची. एक माणूस गेला की त्याचं हत्यार सोबत्यानं घ्यायचं, आपलं नाव शेजारी ठोकायचं, आधीचं घासायचं नाही. शेवटचं नाव वि.चं. त्यापुढे थोडी जागा आहे.

एका गुण्यावर, काटकोन तपासायच्या पट्टीवर, शिक्काच नव्हता. हा काही कामाचा नसेल, मी म्हटलं.
"आवं, त्यो इलासनं सोता केलाय! कामाला नवा होता तवा. उस्तादानं लई येळा तोंडावर फेकलता, वाकडा हाय म्हनून."
हसलो दोघेही. बऱ्याच दिवसांनी.

मग स्लिप गेजची डबी. माप पडताळायचे आरशासारखे पोलादी ठोकळे, एकावर एक सरकवले की चिकटून बसतात. वरच्या रांगेत प्रत्येकावर तपकिरी डाग. मग पाहिलं तर मायक्रोमीटरवर, गुण्याच्या पात्यावर, सगळीकडे.
"पावसाची हवा, वहिनी," म्हणाले आणि डबी मिटली. जरा घाईनंच.

११ ऑगस्ट
दमट हवेचा गंज असा नसतो. तो कडेनं खातो, वेडावाकडा पसरतो. हे डाग मधोमध आहेत. गोल, एका मापाचे. मारुतीदांना हे कळत नसेल? मी कॉलेजात पोरांना गंजाचं रसायन शिकवते. त्यांनी आयुष्यभर पुसलाय.

१२ ऑगस्ट
प्रॅक्टिकलला ब्युरेट भरताना आठवलं. ब्युरेट वरून वाहिली तरी कळलं नाही.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. वि. दवाखान्यात. मी एकटी शेडवर गेले, पेटी उघडली, एकेक हत्यार काढलं आणि ओल्या कुंकवाचं बोट लावलं. जिथे सगळ्यात लखलखीत, तिथे. ते त्यांचं तोंड वाटलं. त्याला बरं वाटू दे म्हणत होते. मग झाकण लावून निघाले, दवाखान्याची वेळ गाठायची होती.

तो दरवर्षी फक्त झाकणाला लावायचा. मी चिडवायची, एवढी हत्यारं आणि एका बोटात उरकतोस? तो म्हणायचा, झाकणाला लावलं की आतल्यांना पोचतं. मी आळस समजले.

घरी येऊन एका ठोकळ्यावरच्या डागावर बोट ठेवलं. बसलं.

कुंकू तर निमित्त. पाणी माझं, मीठ माझ्या बोटाचं. अकरावीच्या मुलानं उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं.

६ सप्टेंबर
दामले येऊन गेले. सज्जन. हातमोजे घालून एकेक उचलत होते. मारुतीदांनी वाचलेले सगळे शिक्के बरोबर निघाले. बिनशिक्क्याच्या गुण्यावर फार रेंगाळले. "बाजारात याला कुणी विचारणार नाही ताई. पण मी याच्यासाठी सुद्धा आलो असतो."

स्लिप गेज उजेडात तिरके धरून पाहिले. मोजायच्या हत्याराचा जीव त्याच्या पृष्ठभागात असतो, म्हणाले. आता ती नुसती शोभेची.
"कशानं झालं हे?"
"हवा, सायेब," मारुतीदा मध्येच. "कोल्लापूरचा पाऊस म्हंजे..."
मी म्हटलं, मी कुंकू लावलं होतं.
दामल्यांनी हातमोजे काढले. मग म्हणाले, "आमची आई टाइपरायटरला लावायची."

पेटी घ्यायला तयार आहेत. फोडणार नाहीत, विकणार नाहीत. नावं तशीच ठेवतील. डाग मात्र घासून काढावे लागतील, ठेवले तर गंज वाढत जाईल. विचार करून कळवा म्हणाले. मला त्याच क्षणी हो म्हणायचं होतं. घेऊन जा, आणि ते डागही पुसून टाका.

७ सप्टेंबर
मारुतीदांना दारातच विचारलं, हवा म्हणून का सांगितलंत?
चप्पल काढता काढता थांबले.
"त्येला म्हाईत होतं, वहिनी."
"कुणाला?"
"इलासला. दिवाळी झाल्यावर मला घिऊन शेडवर गेलता. रिक्षातनं. तुमी कॉलेजात. पेटी उघडली, बगितलं. मी म्हनलो, आण हिकडं, घासून काढतो, घटकाभराचं काम. तर म्हनला, र्‍हाऊ दे."
"अजून काय म्हणाला?"
"काय न्हाय. तेल लावलं सगळ्यास्नी, सोताच्या हातानं. डागावरनं बी. मला शिवू दिलं न्हाय."
चहा न घेताच गेले.

१९ सप्टेंबर
र्‍हाऊ दे. दोनच शब्द.
मला वाईट वाटू नये म्हणून? की आता काय फरक पडतो म्हणून? की रागानं? वि. रागावला की कमीच बोलायचा. दिवाळीनंतर किती संध्याकाळी शेजारी बसलो होतो. एकदा तरी म्हणाला असता, अगं वेडे.
दिवसातून दहादा मला बरं वाटेल तोच अर्थ उचलते आणि परत ठेवते.
पण तेल लावलं त्यानं. फेकून द्यायच्या वस्तूला कुणी तेल लावत नाही. की सवय?

२८ सप्टेंबर
भाऊजी : "वहिनी, त्या माणसाला किती दिवस टांगून ठेवायचं? दादाच म्हणालेला ना, ओळखणाऱ्याला द्या म्हणून?"
खरं आहे. दामले ओळखतात. फक्त त्या डागांना ते गंज म्हणतात, आणि तेही खरंच आहे. हत्यारं तशीच ठेवली तर काही वर्षांत मीच ती संपवीन.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
वि. जाऊन वर्ष झालेलं नाही, घरात सण नाही. झाकणालाही काही लावलं नाही.
सकाळी मारुतीदांनी तेलाची बाटली आणून दिली. वर आले नाहीत, खालूनच हाक मारली.
हत्यारं टेबलावर मांडली. फडक्यानं तेल पसरत नव्हतं, मग बोटानं लावलं. प्रत्येक डाग बोटाखाली किंचित खरखरीत लागतो, तेवढीच जागा. बाकी सगळं गुळगुळीत.
बिनशिक्क्याचा गुण्या शेवटी घेतला. मध्येच दामल्यांचा फोन आला. हात तेलाचे होते. वाजून थांबला.
अजून निम्मा गुण्या राहिलाय.